लॅपटॉप न नेता डोंगरावरून पीएसके३१, एफटी८: काय घ्यावं, कसं जोडावं?

रानवाटा:
हॅम रेडिओचा जनरल ग्रेडचा परवाना आहे. ४० आणि २० मीटरवर पीएसके३१, एफटी८ असे टाइप केलेला मजकूर रेडिओवरून पाठवायचे मोड वापरायचेत, पण लॅपटॉप आणि त्याच्यासाठी वेगळी बॅटरी पाठीवर घ्यायची नाही. मोर्स मिनिटाला १५ शब्दांपर्यंत येतं. अँड्रॉइड फोन आहे, अँटेना एंड-फेड हाफवेव्ह तारेची. घरी आयकॉमची आयसी-७३०० रिग (रेडिओ) आहे, पण ती चार किलोच्या वर जाते आणि नुसतं ऐकतानाही एक अँपिअरच्या आसपास खाते. नवीन काय घ्यावं? शक्यतो नुसता सिग्नलचा रिपोर्ट न देता चार वाक्यं बोलता यावीत.

टकळी:
शेवटचं वाक्य लिहिलंत ते बरं केलंत, निवड त्यावरच ठरते. एफटी८ मध्ये मोकळा मजकूर एका खेपेला १३ अक्षरं, आणि प्रत्येक खेप १५ सेकंदांची. त्यात गप्पा होत नाहीत. गप्पांसाठी पीएसके३१. वेग ३१.२५ बॉड (सेकंदाला तेवढे संकेत), म्हणजे मिनिटाला साधारण ५० शब्द, आणि ५ वॅटमध्ये छान चालतं.

आलेला मजकूर रेडिओच स्क्रीनवर उलगडून दाखवतो, ही सोय आता बऱ्याच रिग्जमध्ये आहे. अडतं ते पाठवताना, कारण टाइप कशावर करणार? मोर्स येत असेल तर एलेक्राफ्ट केएक्स२ घ्या. डेटा मोडमध्ये पीएसके-डी निवडायचं आणि टेक्स्ट डिकोड चालू करायचं. मग पॅडलवर (मोर्सच्या कळीवर) मोर्स वाजवलंत की रेडिओ तेच पीएसके३१ करून पाठवतो, आणि समोरच्याचं उत्तर स्क्रीनच्या खालच्या ओळीत सरकत येतं. ओळ छोटी आहे, म्हणून कॉलसाइन आणि नाव लगेच कागदावर टिपत चला.

दोन गोष्टी सांभाळा. ट्यूनिंग १ हर्ट्झच्या पायरीवर ठेवा, पाच-दहा हर्ट्झ इकडेतिकडे झालं तर अक्षरं फाटतात. आणि बोलणं संपल्यावर रिग थोडा वेळ ट्रान्समिटमध्येच थांबते. तिला लगेच परत आणायचं तर शेवटी दोन डिट (टिंबं), दोन डा (रेघा) एका दमात वाजवा.

२० मीटरवर १४.०७० मेगाहर्ट्झच्या आसपास ऐका. हल्ली पीएसकेची गर्दी पूर्वीसारखी नाही, त्यामुळे आधी ओळखीच्या हॅमशी वेळ ठरवून बसलात तर दिवस फुकट जाणार नाही.

ओहममापक:
टकळींशी सहमत, पण केएक्स२ महाग पडतो. खिशाला परवडणारा मार्ग क्यूआरपी लॅब्सचा क्यूडीएक्स हा किटचा छोटा रेडिओ आणि तुमचा फोन. साउंडकार्ड आणि कॅट (रेडिओचं नियंत्रण) दोन्ही एकाच यूएसबी केबलवर आहेत, फोनला ओटीजीनं (फोनला यूएसबी उपकरण लावायची सोय) जोडायचं, फोनवर एफटी८सीएन हे मोफत ॲप. मात्र क्यूडीएक्स एका वेळी एकच टोन पाठवतो, त्यामुळे त्यावर पीएसके३१ होत नाही. एफटी८, आरटीटीवाय (रेडिओ टेलिटाइप) यांसारखे फ्रिक्वेन्सी सरकवणारे मोडच होतात.

किट जोडतानाच ९ व्होल्टचं की १२ व्होल्टचं ते ठरवा, आउटपुट ट्रान्सफॉर्मरचे वेढे त्यावर अवलंबून आहेत. ९ व्होल्टच्या बांधणीला तीन लिथियम सेलचा पॅक लावलात तर पूर्ण चार्जला १२.६ व्होल्ट जातात आणि बीएस१७० ट्रान्झिस्टर जळतात. अँटेना जुळलेली नसताना ट्रान्समिट केलं तरी तेच होतं. एसडब्ल्यूआर (अँटेना किती जुळली ते सांगणारा आकडा) आधी बघा, मग बटण दाबा.

काही फोनमध्ये ओटीजी सेटिंगमधून चालू करावं लागतं आणि काही वापर नसेल तर दहा मिनिटांनी आपोआप बंद पडतं. ‘रेडिओ सापडत नाही’ असं दिसलं की आधी तेच तपासा.

घड्याळ: एफटी८ ला सेकंदाच्या आत वेळ जुळलेली लागते. डोंगरावर रेंज नसेल तर जीपीएसवरून वेळ लावा. ॲपच्या यादीतला डीटीचा (वेळेतल्या फरकाचा) आकडा बघा. सगळ्याच स्टेशनांपुढे +१.० च्या आसपास दिसत असेल तर तुमचं घड्याळ सेकंदभर पुढे आहे.

रानवाटा:
दोघांचे आभार. मोर्समुळे केएक्स२ कडे कल आहे. तोपर्यंत घरच्या ७३०० वर संगणकाशिवाय काही करता येईल का? आणि नुसत्या फोनवरून पीएसके३१ जमतं का?

टकळी:
७३०० मध्ये आरटीटीवाय डिकोडर आहे, पीएसके नाही. पाठवायला आठ मेमरी आहेत, प्रत्येकी ७० अक्षरांच्या. कीबोर्ड लावता येत नाही. तेव्हा सीक्यू (सगळ्यांना हाक), रिपोर्ट, नाव-गाव, निरोप असं आधीच भरून ठेवा. स्पर्धेत तेवढं पुरतं, गप्पांना नाही. शिफ्ट (दोन टोनमधलं अंतर) १७० हर्ट्झ ठेवा, ट्विन पीक फिल्टर लावा. सिग्नल जोरदार असून नुसती बाराखडी विस्कटलेली दिसली तर आरटीटीवाय-आर करून बघा, साइड उलटी असते. आणि ५९९ या रिपोर्टच्या जागी ‘टीओओ’ दिसलं तर घाबरू नका. आरटीटीवायच्या बॉडो कोडमध्ये अक्षरं आणि आकडे एकाच संकेतावर असतात, मधला अक्षरांवरून आकड्यांवर नेणारा शिफ्टचा संकेत खरखरीत हरवला की आकड्यांची अक्षरं होतात. देवनागरी यातल्या कुठल्याच मोडमध्ये जात नाही, मराठी रोमन लिपीतच लिहावं लागतं.

ओहममापक:
फोनवर ड्रॉइडपीएसके हे ॲप चालतं. नुसतं वाचायला फोन स्पीकरजवळ धरला तरी पुरतं, खोली शांत हवी. पाठवायला केबल करा.

चार संपर्कांचा ३.५ मिमी प्लग घ्या. टोकापासून: डावा आवाज, उजवा आवाज, ग्राउंड, माइक. रिगच्या हेडफोनमधून येणाऱ्या तारेत १० किलोओहम, पुढे ग्राउंडला १०० ओहम, तिथून १ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून फोनच्या माइकला. माइक आणि ग्राउंडमध्ये २.२ किलोओहम टाका, नाहीतर फोनला हेडसेट लावलाय हे कळतच नाही आणि तो स्वतःच्या माइकवरून ऐकत राहतो. उलट दिशेला, फोनच्या डाव्या आवाजातून रिगच्या माइककडे, तीच १० किलो आणि १०० ओहमची जोडी. त्याआधी ६०० ओहमचा १:१ ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घाला म्हणजे ग्राउंड लूपची गुणगुण जाते. इथेही कपॅसिटर हवाच, आयकॉमच्या माइक पिनवर डीसी व्होल्टेज असतं.

ट्रान्समिट व्हॉक्सवर (आवाज आला की रिग आपोआप ट्रान्समिटला जाते). फोन आधी विमान मोडमध्ये टाका, नाहीतर मेसेजची टिंगटिंग हवेत जाते. स्पीच कॉम्प्रेसर बंद, मोड यूएसबी (अपर साइडबँड). फोनचा आवाज शून्यापासून वाढवत न्या आणि एएलसीचा (आवाज जास्त झाल्याचं दाखवणारा) काटा हलायला लागला की किंचित मागे या. एएलसी चढवून पीएसके पाठवलं तर दोन्ही बाजूंना पट्टे उमटतात आणि शेजारच्या स्टेशनांचं बोलणं बुडतं. पॉवर ३० वॅटच्या वर नेऊ नका. पीएसकेला पुरते, आणि आरटीटीवायमध्ये वाहक सतत चालू असल्यामुळे रिग तापते.

ट्रान्समिट करताना ॲप मध्येच बंद पडलं किंवा व्हॉक्स चिकटून राहिला तर आरएफ (आपलीच रेडिओ लहर) केबलमध्ये शिरतंय. एंड-फेडवर हे फार होतं. फोनच्या टोकाजवळ मिक्स ३१ च्या फेराइटमधून केबलचे सहा-सात वेढे घ्या, कोअॅक्सवरही (अँटेनाच्या केबलवर) असाच चोक घाला.