चुकुमचा गिलावा: केसासारख्या भेगा आणि काळे ठिपके

प्रश्न
मेक्सिकोत युकातानच्या मेरिदा शहरात घराचं काम चालू आहे. पश्चिमेची अंगणाकडली भिंत आणि पोहण्याची छोटी टाकी, दोन्हींना चुकुमचा, म्हणजे इथल्या चुकुम झाडाची साल उकळलेल्या पाण्यात कालवलेला, गिलावा करायचाय. भिंतीवरच्या नमुन्याला चार दिवसांत बारीक भेगा पडल्या, काळे ठिपके आले. गवंडी म्हणतो, वरून रंग मारू. मारावा का?

प्रतिसाद १
रंग नको! मारायचाच असेल तर चुकुम कशाला?
ठिपके लोखंडाचे आहेत. चुकुमच्या सालीत टॅनिन (तुरट द्रव्य) भरपूर, लोखंडाला लागलं की काळं पडतं. आपल्याकडे हिरडा-हिराकशीची शाई व्हायची, तोच प्रकार. साल गंजक्या पिंपात उकळली होती का? खालच्या गिलाव्यात खिळे, बांधणीच्या तारा राहिल्यात का, तेही बघा. भांडं आणि गुरमाळा स्टेनलेसचा हवा. पूर्ण भिंतीला लागणारं पाणी एकदमच उकळून, गाळून ठेवा, नाहीतर दर घाण्याला छटा बदलेल.

प्रतिसाद २
भेगांचं कारण बहुधा ऊन. मेरिदाचे वास्तुरचनाकार साल्वादोर रेयेस रिओस यांनी १९९० च्या दशकात युकातानच्या मूळ रहिवासी माया लोकांचं हे तंत्र पुन्हा वापरात आणलं. आता मिश्रणात पांढरं सिमेंट आणि चुनखडीची पूड असते. खालचा कोरडा गिलावा त्यातलं पाणी शोषतो, वरून ऊन, मग भेगा पडणारच.
खालचा गिलावा नीट मुरू द्या. आदल्या संध्याकाळी भिंत भिजवा, काम सकाळी सावलीत. दोन पातळ हात, मिळून ३ ते ५ मिमी. एक थर जाड थापला की फुटतो. भिंत एका बैठकीत संपवा, सांधा आयुष्यभर दिसतो. घोटणं ओलसर असतानाच, नंतर काही दिवस ओला तागाचा पडदा.

प्रतिसाद ३
टाकी एकदा भरायला घेतली की मध्ये थांबू नका, पाण्याची रेघ उमटते. पाण्याचा पीएच (आम्लता दाखवणारा आकडा) ७.२ ते ७.६ ठेवा. आम्लाने चुनखडी खाल्ली जाते, म्हणून साफसफाईला अ‍ॅसिड वर्ज्य.

प्रश्नकर्ता
पिंप गंजकंच होतं. चुकुमने घर गार राहील ना?

प्रतिसाद २
गिलाव्याने नाही, सावलीने. मेरिदा २१ अंश उत्तरेला, म्हणजे जूनमध्ये दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडून येतो. उत्तरेच्या खिडक्यांनाही छज्जा द्या. माया लोकांच्या ‘ना’ नावाच्या पारंपरिक घरात समोरासमोर दोन दारं असतात, वारा आरपार जातो. तेवढं तरी उचला.