शब्दचर्चा: ‘कोझी मिस्टरी’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

अनेकदा स्वयंपाकघर, बेकरी किंवा चहाचे दुकान यांभोवती फिरणाऱ्या हलक्याफुलक्या रहस्यकादंबऱ्यांना इंग्रजीत ‘कोझी मिस्टरी’ म्हणतात. अशाच एका कादंबरीचा मी अनुवाद करत आहे. मलपृष्ठासाठी ‘उबदार रहस्यकथा’ असे लिहिले, पण ते मनाला पटत नाही. ‘घरगुती’, ‘सौम्य’ आणि ‘सोज्वळ’ हे पर्यायही लिहून खोडले. नायिकेला ‘हौशी गुप्तहेर’ म्हटले आहे. शिवाय ‘पॉयझनिंग’ आणि ‘रेड हेरिंग’ (वाचकाची दिशाभूल करणारा खोटा धागा) या दोन शब्दांपाशी अडकले आहे. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर

‘उबदार’ आपल्याला पटला नाही, हे योग्यच झाले. इंग्रजीतील विशेषण मुळात खोली, खुर्ची, पांघरूण यांच्या उबेविषयीचे असले, तरी कथाप्रकाराच्या नावात ते वाचकाच्या निर्धास्तपणाविषयी बोलते. खून होईल, पण पडद्याआड होईल. क्रौर्याची वर्णने वाचावी लागणार नाहीत. गाव लहान असेल, माणसे एकमेकांना ओळखत असतील आणि अखेरीस गुन्हेगार सापडून विस्कटलेली घडी पुन्हा बसेल, अशी ती हमी असते. अमेरिकेत १९८९ साली सुरू झालेल्या ‘मॅलिस डोमेस्टिक’ या संमेलनात दिले जाणारे ॲगाथा पुरस्कार याच परंपरेतील पुस्तकांसाठी आहेत, आणि उघड लैंगिक वर्णन, अतिरेकी रक्तपात व विनाकारण हिंसा नसणे हीच त्या परंपरेची खूण तेथे मानली जाते. मराठीतला ‘उबदार’ या हमीपर्यंत पोहोचत नाही. तो अंगाला जाणवणाऱ्या उबेपाशीच थांबतो. त्यातून रहस्यकथेत मृतदेह अजून उबदार आहे की गार पडला आहे, यावरून मृत्यूची वेळ ठरवतात, त्यामुळे हा शब्द तेथे भलतेच चित्र उभे करतो.

‘घरगुती’ जेवणापुढे शोभतो, पण गुन्ह्याशेजारी ठेवला की ‘घरगुती हिंसाचार’ आठवतो, आणि नवरा-बायकोतील फसवणुकीच्या काळोख्या कादंबऱ्यांचा प्रकार तर अगदी वेगळा आहे. ‘सोज्वळ’ माणसाच्या चारित्र्याविषयी बोलतो. ‘सौम्य’ आपण औषधाला, तापाला, भूकंपाच्या धक्क्याला लावतो. सौम्य रहस्य म्हणजे रहस्यच फिके, असा त्याचा अर्थ होईल आणि तो या लेखकांवर अन्याय ठरेल. या कथांची प्रकृती हलकी असते, कोडे हलके नसते. सगळे धागेदोरे वाचकासमोर ठेवूनही त्याला शेवटपर्यंत उत्तर सापडू न देणे, ही दोन महायुद्धांच्या दरम्यान घडलेली शिस्त त्यांनी सोडलेली नाही.

माझा पर्याय ‘खुसखुशीत रहस्यकथा’ हा आहे. ‘खुसखुशीत’ हा शब्द पदार्थाचा पोत सांगतो आणि तितक्याच सहजपणे लेखनाचा सूरही सांगतो. खुसखुशीत बिस्किट दाताखाली चटकन मोडते, चिवट लागत नाही, तोंडात रेंगाळत नाही. खुसखुशीत लेखही तसाच असतो. दोन्ही अर्थ मराठी वाचकाच्या कानाला आधीपासून परिचित आहेत, म्हणून समजावून सांगावे लागत नाही. ‘खमंग’ जवळचा वाटेल, पण तो टाळावा, कारण खमंग चर्चा म्हणजे कोणाच्या तरी भानगडीची चर्चा. ‘चटकदार’ आणि ‘मसालेदार’ हे शब्द तर नेमके तेच आश्वासन देतात जे हा कथाप्रकार जाणीवपूर्वक देत नाही.

मराठीत गुन्हा आणि स्वयंपाक यांची भाषा पूर्वीपासूनच एकमेकींत मिसळलेली आहे. कट शिजतो, काहीतरी शिजते आहे असा संशय येतो, एखाद्याची डाळ शिजत नाही. या कथांच्या शेवटी अनेकदा पाककृती छापलेल्या असतात, आणि ही प्रथा बरीच जुनी आहे. रेक्स स्टाउट यांच्या १९३८ सालच्या ‘टू मेनी कुक्स’ या कादंबरीसोबतही पाककृती होत्या, जरी तिचा नायक व्यावसायिक गुप्तहेर असल्यामुळे ती या प्रकारात काटेकोरपणे बसत नाही. व्हर्जिनिया रिच यांची ‘द कुकिंग स्कूल मर्डर्स’ १९८२ साली आली, तर डायेन मॉट डेव्हिडसन यांनी १९९० पासून एका केटररला नायिका करून मालिकाच लिहिली. आपल्या अनुवादातील पाककृतींना ‘साहित्य’ आणि ‘कृती’ हीच नेहमीची शीर्षके द्यावीत, ‘घटक’ आणि ‘पद्धत’ अशी नवी घडवू नयेत. कादंबरीच्या पानांत स्वयंपाकाचे ‘साहित्य’ यावे, हा योग मराठीत छान जुळतो.

आता ‘पॉयझनिंग’. येथे मराठी इंग्रजीहून अधिक नेमकी आहे आणि त्याचा पुरेपूर उपयोग करून घ्यावा. ‘विषबाधा’ म्हणजे विषाचा परिणाम झाला. कोणी दिले, की अन्नच बिघडले होते, याबद्दल तो शब्द गप्प असतो. ‘विषप्रयोग’ म्हटले की देणारा हात आलाच. खाद्यविषयक रहस्यकथेची सुरुवात पुष्कळदा अशी असते की, नायिकेच्या बेकरीतला केक खाऊन कोणी तरी मरते, सगळे गाव तिच्या स्वच्छतेकडे बोट दाखवते आणि आपला व्यवसाय वाचवण्यासाठी तिला शोधाला लागावे लागते. म्हणजे कथेचे पहिले वळण ‘विषबाधा’पासून ‘विषप्रयोगा’पर्यंतचे असते. तोपर्यंत एकाही पात्राच्या तोंडी ‘विषप्रयोग’ येऊ देऊ नये. तो शब्द पहिल्यांदा नायिकेनेच उच्चारावा.

उलट, चवीच्या बाबतीत हीच नेमकेपणाची सवय अडचणीची ठरते. केकची चव थोडी बिघडलेली होती, एवढेच इंग्रजी लेखक एका मोघम शब्दात सांगून मोकळा होतो. मराठी लेखणी मात्र लगेच निवड करू पाहते: तेल किंवा सुकामेवा जुना झाला तर खवट, पीठ आंबले तर आंबूस, भट्टीत जास्त राहिले तर करपट, ओल लागली तर कुबट. यांतला प्रत्येक शब्द एकेक कारण सांगतो. सायनाइडची ओळख कडू बदामासारख्या वासाने होते, हे रहस्यकथांच्या वाचकाला पाठ असते. तेव्हा पहिल्याच प्रकरणात ‘कडवट’ लिहिले, तर लेखकाने दोनशे पाने सांभाळलेले गुपित अनुवादक दुसऱ्याच पानावर उघड करील.

‘रेड हेरिंग’साठी ‘चकवा’. मूळ शब्द मिठात मुरवून धुरावर धरल्याने तांबूस झालेल्या उग्र वासाच्या माशाचा आहे. शिकारी कुत्र्यांना सशाच्या मागावरून भलतीकडे नेण्यासाठी तो वापरल्याची गोष्ट इंग्रज पत्रकार विल्यम कॉबेट यांनी १८०७ साली लिहिली आणि तेथून दिशाभुलीचा अर्थ पसरला. खाद्यविषयक कादंबरीत ‘तांबडा मासा’ असा शब्दशः अनुवाद केला, तर वाचक तो जेवणातला पदार्थच समजेल. ‘दिशाभूल’ ही क्रिया झाली. चकवा मात्र वाटेत असतो, चालणाऱ्याला लागतो आणि त्याच त्याच जागी फिरवून आणतो.

एक शब्द मात्र खोडावा, असे सुचवतो: ‘हौशी गुप्तहेर’. बेकरीची मालकीण गुप्त नसते, सगळे गाव तिला ओळखते, आणि म्हणूनच गिऱ्हाइके तिच्यासमोर मोकळेपणाने बोलतात. ‘चौकस’ हे विशेषण तिला नेमके बसते; ‘चौकशी’ त्यातूनच निघते.

शंका

‘खुसखुशीत’ हा शब्द परीक्षणात शोभतो, परंतु कथाप्रकाराचे नाव म्हणून टिकेल काय? घोड्यांच्या तबेल्यात किंवा ग्रंथालयात घडणारी ‘कोझी’ कादंबरी खुसखुशीत कशी म्हणावी?

त्यावर

शंका रास्त आहे. खाण्याशी संबंध नसलेल्या कादंबऱ्यांसाठी ‘हलकीफुलकी रहस्यकथा’ पुरेसे आहे, आणि ग्रंथालयाच्या यादीत ‘कोझी मिस्टरी’ देवनागरीत ठेवायलाही माझी हरकत नाही. मलपृष्ठ मात्र वाचकाशी बोलण्याची जागा आहे, आणि तेथे वाचकाच्या रोजच्या वापरातला शब्दच हवा, असा माझा आग्रह राहील.

प्रश्नकर्तीकडून

मनापासून आभार. हस्तलिखित पुन्हा तपासले, तेव्हा नायिकेला संशय येण्याच्या तीन प्रकरणे आधीच पोलीस हवालदाराच्या तोंडी ‘विषप्रयोग’ घातल्याचे आढळले. तेथे ‘विषबाधा’ केले आहे. केकविषयीच्या वाक्यात मी ‘कडवट’ लिहिले होते. आता ते वाक्य असे आहे: ‘केकची चव आज नेहमीची नव्हती.’