लुआंटीमध्ये मॉड बसवल्यावर जग सुरू होत नाही (उबंटू)

कयाधूकाठ:
नमस्कार. हिंगोली जिल्ह्यातील आमच्या शाळेच्या संगणक कक्षात उबंटू असून मुलांसाठी लुआंटी, म्हणजे पूर्वीचे माइनटेस्ट, हे ठोकळ्यांचे जग बांधण्याच्या खेळांचे सॉफ्टवेअर बसवलेले आहे. गावात इंटरनेटचा भरवसा नसल्याने निरनिराळ्या पिकांचा एक मॉड, म्हणजे खेळात भर घालणारी जोडणी, नांदेडहून पेनड्राइव्हवर झिप स्वरूपात आणला आणि मॉड्सच्या फोल्डरमध्ये उघडून ठेवला. यादीत त्याचे नाव दिसते, परंतु त्यावर खूण करून जग सुरू केले की ‘डिफॉल्ट’ नावाचा मॉड सापडत नाही असा संदेश येऊन सर्व थांबते. आमचे जग माइनक्लोनिया या लुआंटीवर चालणाऱ्या खेळावर तयार केलेले आहे. ज्या एका संगणकावर लुआंटी फ्लॅटपॅकमधून (अ‍ॅप बसवण्याची एक वेगळी पद्धत) घेतले, तेथे तर मॉड यादीतही येत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

गोदातीर:
सर, आपला मॉड सदोष नाही. लुआंटी हे केवळ इंजिन आहे. माती, दगड, झाडे हे सारे त्यावर चालणारा खेळ पुरवतो. ‘डिफॉल्ट’ हा माइनटेस्ट गेम या खेळाचा गाभा आहे आणि तो माइनक्लोनियात नसतो. पूर्वी माइनटेस्ट गेम इंजिनासोबतच मिळत असे, मात्र 5.8 आवृत्तीपासून तो वेगळा घ्यावा लागतो, आणि जुन्या मॉडच्या माहितीत ही गोष्ट लिहिलेली नसल्याने अनेकांची येथेच अडचण होते. माइनटेस्ट गेमची झिपही पेनड्राइव्हवर आणून ‘गेम्स’ फोल्डरमध्ये उघडावी व तो खेळ निवडून नवे जग तयार करावे. जुने जग माइनक्लोनियाचेच राहील, त्यामुळे मुलांनी बांधलेले काही नष्ट होणार नाही. यापुढे कोणताही मॉड आणण्यापूर्वी त्यातील ‘मॉड डॉट कॉन्फ’ ही फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून ‘डिपेंड्स’ची ओळ वाचावी, तेथे लिहिलेले प्रत्येक नाव आपल्याकडे असलेच पाहिजे. ‘ऑप्शनल डिपेंड्स’मधील नावे नसली तरी चालते.

मांजराकाठ:
फ्लॅटपॅकविषयी सांगतो. त्याचे फोल्डर निराळे असते, होममधील ‘डॉट व्हार’ या लपलेल्या फोल्डरच्या आत. शोधत बसण्यापेक्षा लुआंटीच्या ‘अबाउट’ टॅबवरील बटण दाबून थेट वापरकर्त्याचे फोल्डर उघडावे आणि मॉड तेथील ‘मॉड्स’मध्ये ठेवावा. झिप उघडताना फोल्डरात पुन्हा तसेच फोल्डर तयार झालेले नाही ना, हेही पाहावे. ‘इनिट डॉट लुआ’ ही फाइल मॉडच्या फोल्डरमध्ये थेट दिसली पाहिजे.

कयाधूकाठ:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. ‘डिपेंड्स’च्या ओळीत ‘डिफॉल्ट’सोबत ‘फार्मिंग’ हेही नाव आहे. तो मॉड स्वतंत्रपणे आणावा लागेल काय?

गोदातीर:
नाही. ‘फार्मिंग’ माइनटेस्ट गेममध्येच समाविष्ट आहे. त्यात गहू आणि कापूस ही दोन पिके मुळातच असल्याने, आपला मॉड सुरू होईपर्यंतही आपल्या मुलांना कापूस लावता येईल.