जुना स्मार्टफोन ई-सायकलचा कंट्रोलर म्हणून चालेल का?

सुयोग, रत्नागिरी

नमस्कार मंडळी. माझ्या २६ इंची चाकाच्या साध्या सायकलला ३६ व्होल्ट, २५० वॅटचं हब मोटर किट (चाकाच्या मध्यातच बसणारी मोटर) बसवतोय. घर खाली बाजारपेठेत आणि काम वर मारुती मंदिराच्या पलीकडे, त्यामुळे चढ रोजचाच.

किटचा डिस्प्ले मला आवडला नाही. घरात एक जुना अँड्रॉइड फोन पडून आहे. तो हँडलवर लावायचा, ब्लूटूथने ईएसपी ३२ या छोट्या प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डाला जोडायचा, आणि स्क्रीनवरचा स्लायडर सरकवून मोटर कमी-जास्त करायची, असा बेत आहे. बोर्डाकडून एमसीपी ४७२५ या डॅक चिपमार्फत (ती आकड्याचं व्होल्टेज करते) किटच्या कंट्रोलरच्या थ्रॉटलच्या, म्हणजे ॲक्सिलरेटरच्या, वायरीत व्होल्टेज सोडणार. ॲप मी एमआयटी ॲप इन्व्हेंटर या ॲप बनवायच्या साधनात करेन. फोन चार्ज राहावा म्हणून सायकलच्याच बॅटरीवर व्होल्टेज कमी करणारं एलएम २५९६ चं मॉड्यूल लावणार. म्हणजे वेग, अंतर, नकाशा, लॉक सगळं एकाच ठिकाणी. कुणी असं केलंय का? काही राहिलंय का माझ्याकडून?

केदार ७७

लॉकची कल्पना आवडली. फोन खिशात घेऊन गेलं की सायकल मुकी. झालं की फोटो टाक.

वायंडिंगवाली ताई, इचलकरंजी

सुयोग, तुझा हात चांगला दिसतोय, म्हणून सविस्तर लिहिते. आमच्याकडे मागाच्या मोटरी रिवाइंडिंगला येतात, आणि हल्ली ई-सायकलींचे कंट्रोलरही येतात. फोन जोडायला माझा अजिबात विरोध नाही. माझा विरोध त्या स्लायडरला आहे.

आधी एक गोष्ट. मोटर खरी चालवतो तो किटमधला कंट्रोलर, आणि तो तू ठेवतोयस हे बरंच आहे. डायरेक्ट ड्राइव्ह (आत गिअर नसलेल्या) हबमध्ये चुंबकांच्या २३ जोड्या धर. २६ इंची चाक ताशी २५ किलोमीटरला सेकंदाला जेमतेम सव्वातीन-साडेतीन फेरे घेतं, पण तेवढ्यात तिन्ही फेजमधला करंट साडेचारशेच्या वर वेळा बदलावा लागतो, तोही हॉल सेन्सर (चुंबक कुठं आहेत ते सांगणारे) बघून अगदी वेळेवर. ते काम फोनचं नाहीच.

आता स्लायडर. थ्रॉटलमध्ये स्प्रिंग असते. हात सुटला, तू पडलास, कुणी आडवं आलं आणि तू दचकलास, तरी थ्रॉटल आपोआप शून्यावर येतो. स्लायडर जिथं सोडला तिथंच राहतो. त्यात तू रत्नागिरीचा. पावसात काचेवर थेंब पडले की टचस्क्रीन बोट कुठलं आणि पाणी कुठलं हे नीट ओळखत नाही. कधी बोटाला दाद देत नाही, कधी न लावलेलं बोट लागल्यासारखं करते. भर आषाढात उतारावर असा स्लायडर तुझ्या हातात नको बघ.

त्याहून वाईट पुढे आहे. फोन आला, अँड्रॉइडने बॅटरी वाचवायला ॲप झोपवलं, उन्हात फोन तापून बंद पडला, तर काय होईल? एमसीपी ४७२५ ला तू शेवटी जे व्होल्टेज सांगितलंस तेच तो धरून ठेवणार. त्याला नवीन आज्ञा मिळेपर्यंत मोटर तितक्याच जोरात चालू. फोन मेला आणि सायकल पळतेय!

आणि याच चिपची एक खोड आताच सांगते, कारण तू तीच वापरणार आहेस. तिच्या आत छोटी कायमची मेमरी असते. वीज आली की चिप आधी तिथला आकडा वाचते आणि तेवढं व्होल्टेज बाहेर सोडते. कारखान्यातून येताना तिथं मधला आकडा भरलेला असतो. म्हणजे ५ व्होल्टवर जोडलीस की तुझा प्रोग्राम सुरू व्हायच्या आधीच अडीच व्होल्ट बाहेर! नेहमीचा थ्रॉटल साधारण ०.८ पासून ४ व्होल्टच्या आसपास जातो. अडीच म्हणजे निम्मा थ्रॉटल, चावी फिरवल्या फिरवल्या. काही कंट्रोलर सुरुवातीलाच थ्रॉटल वर दिसला तर मोटर सुरू करत नाहीत, पण सगळेच असे नसतात. सायकलला जोडण्याआधी टेबलावर त्या मेमरीत शून्य लिही, वीज बंद-चालू कर आणि मीटरने बघ. हे केल्याशिवाय पुढं जाऊ नकोस.

एलएम २५९६ पण बदल. त्याची मर्यादा ४० व्होल्ट. तुझ्या ३६ व्होल्टच्या पॅकमध्ये दहा सेल ओळीत, भरल्यावर प्रत्येकी ४.२, म्हणजे ४२. रोज सकाळी पूर्ण चार्ज करून निघताना तू त्याला मर्यादेबाहेर ढकलणार. एचव्ही लिहिलेला प्रकार ६० व्होल्टपर्यंतचा मिळतो, तो घे.

सुयोग, रत्नागिरी

ताई, चिपचं खरंच माहीत नव्हतं, आजच बघतो. पण फोन बंद पडण्यावर एक उपाय सुचतोय. ॲपने दर १०० मिलिसेकंदाला बोर्डाला "आहे" म्हणून कळवायचं. ३०० मिलिसेकंद काही आलं नाही तर बोर्डाने थ्रॉटल शून्य करायचा. मग स्लायडर चालेल ना?

वायंडिंगवाली ताई, इचलकरंजी

ते तर करच. २५ च्या वेगाला ३०० मिलिसेकंदात सायकल दोन मीटर जाते, तेवढं चालण्यासारखं आहे. पण त्यातून फोन जिवंत आहे एवढंच कळतं. तुझं बोट काचेवर आहे का, तू सीटवर आहेस का, हे कळत नाही. स्प्रिंगला ते कळतं.

म्हणून असं कर. अंगठ्याचा साधा थ्रॉटल हँडलवर लाव. त्याची सिग्नल वायर ईएसपी ३२ मध्ये घे, पण थेट नको, बोर्ड ३.३ व्होल्टचा आहे. १० के आणि २० के रेझिस्टरने विभागलंस की ४.२ चे २.८ होतात. फोनने फक्त कमाल मर्यादा ठरवायची: आज ४० टक्के, चढाला ८० टक्के. थ्रॉटल आणि मर्यादा यांतलं जे कमी ते बोर्ड पुढं पाठवेल. फोन गेला तर मर्यादा कमीवर येईल, अंगठा सुटला तर शून्य. बोर्ड स्वतः अडकला तर त्याचा वॉचडॉग (आतला पहारेकरी टायमर) त्याला रिसेट करेल, तो चालू ठेव. मात्र या रिसेटमध्ये डॅकची वीज जात नाही, त्यामुळे तो जुनंच व्होल्टेज धरून बसतो. प्रोग्रामची पहिलीच ओळ डॅकला शून्य पाठवणारी हवी.

आणि ब्रेकच्या लिव्हरमधले कट-ऑफ स्विच (ब्रेक दाबताच मोटर बंद करणारे) सरळ मोटर कंट्रोलरमध्ये. मध्ये बोर्ड नाही, ब्लूटूथ नाही, काही नाही. यावर मी तडजोड करणार नाही.

अनिकेत, पुणे

ताईंच्या मताशी पूर्ण सहमत. सुयोग, तुला फोनचीच हौस असेल तर व्हीईएससी बघ. स्वीडनच्या बेंजामिन वेडर यांनी सुरू केलेला हा मोटर कंट्रोलर, हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर दोन्ही खुलं. त्याचं ॲप अँड्रॉइडवर चालतं. ब्लूटूथ मॉड्यूल लावलं की मोटरचा करंट, बॅटरीचा करंट, तापमानाच्या मर्यादा, सगळं फोनवरून बदलता येतं आणि चालताना आकडे दिसतात. थ्रॉटल मात्र वायरीनेच. चढावर हे आकडे बघायला मिळणं फार मोलाचं आहे. सायकलसकट १०० किलो वजन, ६ टक्के चढ, ताशी १० किलोमीटर, एवढ्यालाच सुमारे १६० वॅट चाकावर लागतात. याहून हळू गेलास तर हब गरम होतो आणि करंटचं बरंच उष्णतेत जातं. त्यामुळे पेडल मारत राहा.

कायद्याचं पण लक्षात ठेव. मोटर २५० वॅटच्या आत आणि वेग २५ च्या आत ठेवलास तरच ती मोटार वाहनात मोडत नाही. २५ ची मर्यादा कंट्रोलरमध्येच बसव, फोनवरून वाढवता येणार नाही अशी.

फोन जुनाच वापर हे बरं. हँडलच्या थरथरीने कॅमेऱ्यातलं स्थिरीकरण बिघडू शकतं, असं ॲपलनेच २०२१ मध्ये मोटारसायकलवाल्यांना सांगितलं होतं.

सुयोग, रत्नागिरी

स्लायडर रद्द. अंगठ्याचा थ्रॉटल मागवतो. त्याच्या तीन वायरींमध्ये लाल ५ व्होल्ट, काळी ग्राउंड आणि हिरवी सिग्नल, बरोबर ना?

वायंडिंगवाली ताई, इचलकरंजी

बहुतेक वेळा तसंच, पण रंगावर जाऊ नकोस. कंट्रोलर चालू करून त्याच्या बाजूच्या कनेक्टरवर मीटर लाव, ५ व्होल्ट कुठं आहेत ते बघ. मग थ्रॉटल जोड, अंगठा दाबत सिग्नलवर किती येतं ते लिहून ठेव, सोडल्यावरचं आणि पूर्ण दाबल्यावरचं. प्रोग्राममध्ये तेच आकडे घाल, नेटवरचे नको. तुमच्याकडची खारी हवा कनेक्टरच्या पिना हिरव्या करते, म्हणून जोडताना सिलिकॉन ग्रीस भर. पहिली चाचणी मागचं चाक उचलूनच घे: थ्रॉटल अर्धा दाबून धर आणि फोन बंद कर, मग बोर्डाची वीज काढ, मग ब्रेक दाब. तिन्ही वेळा काय झालं ते इथं लिही.