घरात मिक्सर असताना ज्यूसर कशाला?

अडगळीची मालकीण:
आमच्या माळ्यावर सध्या सँडविच टोस्टर, हँड ब्लेंडर आणि लग्नात आलेला ज्यूसर सुखाने नांदताहेत. आता ह्यांना कोल्ड प्रेस ज्यूसर हवाय, पंधरा हजारांचा. कारण काय, तर मिक्सरमध्ये रस तापतो आणि जीवनसत्त्वं मरतात. माझं म्हणणं असं की ७५० वॅटचा मिक्सर, बारीक जाळीची गाळणी आणि जुन्या पंचाचा तुकडा एवढ्यात सगळे रस होतात. कलिंगड तर गाळावंही लागत नाही. अर्ध्या मिनिटात असं किती तापणार आहे? पंधरा हजार कशाचे द्यायचे ते कुणीतरी सांगा.

गाजरहलवा:
तापण्याचं सोडा, ती जाहिरातवाल्यांची भाषा. पण गाजर-बीट मिक्सरमधून काढून बघा. वाटायला पाणी घालावंच लागतं, म्हणजे अर्धा ग्लास पाणीच प्यायचं. वर फेस येतो तो वेगळाच. मिक्सरचं पातं मिनिटाला १८,००० च्या आसपास फिरतं, हवा कालवली जाणारच. कोल्ड प्रेसचा स्क्रू ४० ते ८० फेऱ्यांत दाबून पिळतो. रस दाट, चोथा जवळपास कोरडा. सासऱ्यांना चावता येत नाही, म्हणून चार वर्षांपूर्वी घेतला आणि रोज चालतो. चोथा थालीपिठात जातो. माळ्यावर जाणं हा यंत्राचा दोष नाही, ताई.

अडगळीची मालकीण:
चार वर्षं रोज! धुतं कोण?

गाजरहलवा:
मीच. रस काढल्या काढल्या जाळी नळाखाली धरून ब्रशने घासायची. तासभर राहिली की गाजराचे तंतू भोकांत वाळतात आणि मग टाचणी घेऊन बसा. फळं चिरण्यापासून भांडी पालथी घालण्यापर्यंत वीस मिनिटं जातात, खोटं कशाला बोलू.

संत्रानगरीकर:
मालकीणबाई, कलिंगडापर्यंत ठीक. संत्र्याच्या नादी मिक्सर घेऊन लागू नका. एक बी जरी भरडली गेली तरी रस कडू. बिया काढल्या तरी फोडींची सालपटं आणि पांढरे धागे वाटले जातात, आणि तो रस ताजा गोड लागतो पण दोन-तीन तासांनी कडवट होतो. लिमोनिन म्हणतात त्याला, रसातल्या आंबटपणामुळे हळूहळू तयार होतं. गाजरहलवा, खूश होऊ नका, तुमचा स्क्रूसुद्धा तेच सगळं चिरडतो. आमच्याकडे संत्रं आडवं कापून हाताने दाबायच्या प्रेसमध्ये पिळतात. वीज नाही, जाळी नाही. आणि खरं सांगू का भाऊ, अंबिया बहाराचं संत्रं हाती असताना त्याचा रस काऊन काढायचा? सोलून खा.

खाष्ट आहारतज्ज्ञ:
शेवटचं वाक्य सोन्याचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत फळांच्या रसातली साखर वरून घातलेल्या साखरेच्याच गटात टाकली आहे, अख्ख्या फळातली नाही. मर्यादा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली, म्हणजे २,००० कॅलरीच्या आहारात जेमतेम ५० ग्रॅम. तीन-चार संत्री एका बैठकीत आपण खात नाही, पण ग्लासातून दोन मिनिटांत रिचवतो. तेव्हा पंधरा हजार देऊन चोथा वेगळा काढणं म्हणजे पैसे मोजून उपयोगाची वस्तू बाजूला करणं. मिक्सरला फिरवून न गाळता प्या.

गाजरहलवा:
दात नसलेल्या माणसाला हे येऊन सांगा. न गाळलेलं गाजर घशात खरवडतं. आणि आम्ही साखरेसाठी पीत नाही, दुधीचा रसही काढतो.

खाष्ट आहारतज्ज्ञ:
सासऱ्यांचं मान्य, तिथे माझा मुद्दा लागू नाही. पण दुधीचं नाव काढलंत म्हणून सांगते: चिरल्यावर आधी एक फोड जिभेला लावून बघा. कडू असेल तर अख्खा दुधी फेकून द्या. सफरचंद घालून कडूपणा लपवू नका. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावलेली आहेत.

सोलकढी:
सगळे फळांवरच अडलेत. आमच्या घरी प्यायचं म्हणजे सोलकढी, आणि तिथे मिक्सरला पर्याय नाही. खवलेलं खोबरं, कोमट पाणी, लसणीच्या दोन पाकळ्या, मिरची; फिरवून फडक्यातून पिळायचं. तेच खोबरं परत फिरवून दुसरा रस. ताकाला मात्र रवीच बरी. मिक्सरला जरा जास्त फिरलं की लोणी वर तरंगतं आणि खाली पाणी.

बे एरियाकर:
इकडे अमेरिकेत वेगळीच गंमत. भारतातून आणलेला २३० व्होल्टचा मिक्सर इथल्या १२० वर रडत फिरतो, म्हणून दणकट ब्लेंडर घेतला. मिल्कशेक, मँगो लस्सी झकास. पण उंच भांड्यात वाटीभर चटणी टाका, सगळी कडेला चिकटते आणि पातं हवेत फिरतं. आता ओट्यावर दोन यंत्रं आणि एक ट्रान्सफॉर्मर. मालकीणबाई, माळा इथे नाही, नाहीतर तुमच्याइतकाच भरला असता.

अडगळीची मालकीण:
बरं. गाजरासाठी पाणी घालावं लागतं, हा मुद्दा मला पटला. आमच्या घरी गाजराचा रस पिणारं कोणी नाही, हा मुद्दा ह्यांना पटत नाहीये. शेवटी म्हटलं, घ्या, पण जाळी रोज तुम्ही घासायची, वीस मिनिटं. हे थोडा वेळ गप्प बसले. मग विचारलं, "तो हाताने दाबायचा प्रेस केवढ्याला पडतो?"

संत्रानगरीकर, सांगा लवकर.