कुंड्यांतली कीड आणि घरगुती औषधं : तुमचे अनुभव लिहा

पाऊस ओसरला की आमच्या गच्चीत वांग्याला फुलं आणि फुलांपाठोपाठ मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, येतो. या धाग्यावर स्वतः करून पाहिलेलेच उपाय लिहावेत, ऐकीव नकोत. कीड कुठली आणि प्रमाण काय, हेही सांगा. 'थोडंसं घातलं' यावरून कुणालाच काही कळत नाही.

सुरुवात माझ्यापासून. माझी सगळी भिस्त निंबोळी अर्कावर. उन्हाळ्याच्या शेवटी झाडाखाली पडलेल्या निंबोळ्या गोळा करून सावलीत वाळवते. लिटरभर अर्काला 50 ग्रॅम भरड रात्रभर भिजवते, फडक्यातून गाळते, दोन ग्रॅम साबण विरघळवून पाणी लिटरभर करते. शेतकरी वापरतात तो 5 टक्के अर्क हाच. फवारणी संध्याकाळीच, कारण त्यातला किडीवर काम करणारा घटक, अझाडिरॅक्टिन, उन्हात लवकर निकामी होतो. त्याच दिवशी संपवायचा. मात्र फवारल्यावर कीड पटापट मरेल ही अपेक्षा नको. ती खाणं सोडते, तिचं कात टाकणं बिघडतं. फरक दिसायला काही दिवस जातात. पानाची खालची बाजू भिजली नाही तर सगळी मेहनत वाया.

जास्वंदवाली, ठाणे
पिठ्या ढेकणाच्या (मिलीबगच्या) अंगावर मेण असतं, नुसतं पाणी ओघळून जातं. मी जुना टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून फांद्या घासते, मग लिटरला 5 मिली कडुनिंबाचं तेल. तेल आधी साबणात घोटायचं, नाहीतर वर तरंगत राहतं.
आणि मुंग्यांकडे बघा! ढेकणाचा गोड चिकटा खायला त्या येतात आणि त्या बदल्यात त्याची राखण करतात. कुंडी विटांवर ठेवून विटा पाण्याच्या ताटलीत ठेवल्या, भिंतीला टेकलेल्या फांद्या कापल्या, तेव्हा कुठे आटोक्यात आलं. एक मात्र जपा: ढेकणासारखाच पांढरा, पण मोठा आणि चांगला चालता किडा दिसला तर थांबा. तो ढेकूण खाणाऱ्या भुंग्याची अळी असू शकतो. त्याला घासलं तर आपलाच पहारेकरी गेला.

परसदार, सावंतवाडी
आमच्याकडे जागा आहे म्हणून दशपर्णी, म्हणजे दहा झाडांच्या पाल्याचा अर्क. कडुनिंब, करंज, निरगुडी, सीताफळ, पपई, एरंड, रुई, घाणेरी, गुळवेल, कण्हेर यांचा पाला, शेण, गोमूत्र, पाणी. महिनाभर सावलीत, रोज ढवळायचं. फ्लॅटवाल्यांनी या वाटेला जाऊ नये, सोसायटीची नोटीस येईल. कण्हेर, रुई विषारी आहेत, तेव्हा हातमोजे घाला, मुलांपासून दूर ठेवा.
पावसात शंखी गोगलगायींना मात्र यातलं काही लागू पडत नाही. रात्री ओलं पोतं पसरायचं, सकाळी त्याखाली जमलेल्या हातमोजे घालून वेचायच्या, मिठाच्या पाण्यात टाकायच्या. मीठ मातीत टाकू नका.

नवखा
तंबाखूचं पाणी कसं आहे?

जास्वंदवाली, ठाणे
निकोटिन कातडीतूनही अंगात जातं. घरच्या भाजीवर तर नकोच. शिवाय तंबाखूतून टोमॅटो-मिरचीला मोझॅक विषाणू लागू शकतो.

एडिसनकर
न्यू जर्सीत गुलाबावर जपानी भुंगेरे. अमेरिकेत ते पहिल्यांदा सापडले तेच या राज्यात, 1916 साली, त्यामुळे इथे ते घरचेच. पहाटे गारठ्यात सुस्त असतात. खाली साबणाच्या पाण्याची बादली धरून फांदी हलवली की टपाटप पडतात. कडुनिंबाचं तेलही मारलंय, पण बादलीची सर त्याला नाही.

ताकपिठा, नाशिक
दोडक्या-काकडीच्या पानांवर पांढरी भुरी आली तर ती कीड नव्हे, बुरशी. मी आंबट ताक दहापट पाण्यात घालून गाळून फवारते. डाग नुकते दिसू लागले असतील तर भुरी थांबते, पान पूर्ण पांढरं झालं असेल तर सरळ तोडून टाकते.

गच्चीकर, पुणे
कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असेल, तर ती फुलपाखराची. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉनही याच कुळातल्या झाडांवर वाढतं. मी एक कुंडी त्यांच्या नावाने सोडली आहे. दुसरीवरच्या अळ्या उचलून तिच्यावर ठेवते.

नवखा
पण मग फोडणीचं काय?

गच्चीकर, पुणे
दुसरी कुंडी आहे ना!