वावर हिरव्याचं पिवळं झालं, हरकत कशी लिहू?

राजेहो, आमचं वावर नगरपंचायतीच्या हद्दीत येते. नव्या प्रारूप विकास आराखड्यात (डीपी) ते हिरव्या शेती झोनमधून पिवळ्या निवासी झोनमध्ये टाकलं. बाबा खूश हायेत, भाव वाढन म्हणते. मले भ्या नाल्याचं हाय. वरच्या लेआउटचं पाणी आताच आमच्या पऱ्हाटीतून उतरते, तिथं तीन-चार मजली झाल्यावर काय होईन? हरकतीले वकील लागते काय?

— वकील कायले? साधा अर्ज चालते. एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६, कलम २६. नोटीस निघाल्यापासून ३० दिवस. सातबारा अन् नकाशाचा तुकडा जोडा, शिक्क्याची पोच घ्या. मंग नियोजन समितीची सुनावणी असते. नुसतं "आमचा विरोध आहे" लिहिलं तं कोणी ढुंकून पाहत नाही. नाला किती रुंद, पूर कुठवर येते, मोरी कुठं पायजे, हे लिहा. पावसातले फोटो असन तं लावाच.

— अन् वावरावर सार्वजनिक कामासाठी आरक्षण पडलं काय तेही पाहा, भाऊ. मैदान, डीपी रस्ता. पिवळ्या रंगाच्या नादात लोक ते पाहतच नाहीत.

— नकाशा पाहून आलो. गट नंबरच वाचता येत नाही, इतका बारीक!

— प्रत विकत भेटते. मागा.